थोरल्या घराचं अंगण

गेल्या वर्षी आठव्या महिन्याच्या प्रतिपदेला मालसुन आक्कानं उजाडतानाच अंगणात मोठा हंडा चढवला. डुकराची हाडं शिजवली, वरून समुद्रातलं शेवाळ सोडलं, कुट्टूची धिरडी घालून त्यात मुळ्याचं सारण भरलं आणि गुंडाळ्या करून टोपल्यांत रचून ठेवल्या. आणि यांगांचं सगळं कूळ पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापून परस्पर शहरातल्या हॉटेलात जेवायला गेलं.

तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड हवं ना. दुपार कलल्यावर तिच्या धाकट्या दिराचा, दुहोचा, फोन आला. "वहिनी, आम्ही हितंच बसलोय. तू बी ये. गाडी धाडतो." आक्का नुसतं "बरं" म्हणाली. गाडी आली ती रिकामी परत गेली. सूप आम्ही शेजारपाजाऱ्यांनी खाल्लं. तसलं सूप शहरातल्या कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही, हे मी पैजेवर सांगते, पण त्या दिवशी घास काही गोड लागला नाही.

आमच्या जेजू बेटावर गवतकापणीचं जेवण थोरल्या घराच्या अंगणातच व्हायचं. बुसानला, सोलला नोकरीला गेलेली पोरंसुद्धा त्या दिवशी विमानानं येतात, थडगी साफ करतात आणि थोरल्या घरी चटईवर मांडीला मांडी लावून बसतात. आक्का यांगांची थोरली सून. चाळीसहून जास्त वर्षं तिनं ते जेवण घातलं. आणि मग ते बंद पडलं एका गोचिडीपायी.

त्याच्या आदल्या वर्षी तिचा नवरा गीबेकदादा गवतकापणीहून आला तो धडधाकट होता. आठवड्यानं ताप चढला. जुलाब लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या गुडघ्यामागं गोचीड सापडली, फुगून मुगाएवढी झालेली. गीबेकदादा काही परत आला नाही. मयताला सगळं गाव जमलं होतं. दुहोनं दारू घेतली होती. तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "ह्या अंगणानं माझा दादा खाल्ला!"

खोटं कशाला बोलू, अंगण होतंही तसंच. दादाचे गुडघे गेल्यापासून मागचं बांबूचं बेट पुढं सरकत सरकत न्हाणीघरापर्यंत आलं होतं. भिंतीकडेला काटेरी झुडपं, पर्सिमनच्या झाडाखाली वर्षानुवर्षांचा पाला, लाकडांची रास जमिनीला टेकून कुजलेली. पण माणूस गेल्यावर अंगणाला शिव्या घालणं सोपं असतं. गाव लगेच मागं सरलं. तिच्याकडं कुणी आलं तर गल्लीतच उभं राहून बोलायचं. पोस्टमन वाशांवरून हात लांब करून पाकीट टाकायचा.

वासे म्हणजे तिच्या दारातले. गावात आता सगळ्यांची लोखंडी फाटकं आहेत, माझंही आहे. आक्काच्या दारात मात्र अजून दोन बाजूंना दोन भोकं पाडलेले दगड आहेत आणि त्यांत आडवे सरकवायचे तीन वासे. तिन्ही खाली असले की धनीण घरात. एक लावलेला असला की इथंच कुठंतरी गेली, येईल. तिन्ही लावलेले म्हणजे घर रिकामं, मागं फिरा.

यंदा वसंतात दुहो आला तेव्हा तिन्ही वासे खाली होते. तरी तो आत आला नाही. मी भिंतीपलीकडं कांदे खुरपत होते, सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, हंडा माझ्याकडं न्हेतो म्हनतो. हितं पडून गंजतोय."

"गंजतोय? येऊन बघ तरी. तेल लावून ठेवते मी त्याला."

"तेल लावून काय करायचं, शिजत तर काय न्हाई त्यात. यंदा जेवण माझ्या संत्र्यांच्या शेडमधी करू. हॉटेलात मानसं मावत न्हाईत."

आक्का पायरीवर बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "जेवण हितंच व्हईल."

दुहो हसला. "हितं? आन् बसणार कोण?"

"पैल्यांदा तू बसशील."

तो हसायचा थांबला. दुहो काही वाईट माणूस नाही, पण भाऊ आठवला की त्याचा चेहरा दगडी होतो. आक्कानं लसणाची पाटी बाजूला ठेवली आणि उठून वाशांपाशी आली.

"भावजी, प्रतिपदेला कापणी झाली की सगळ्यांना घेऊन सरळ हितं या. अंगण बघा. बसावंसं वाटलं न्हाई तर हंडा उचला. मी हूं की चूं करायची न्हाई."

"दोर घेऊनच येईन, बघ हां."

"आण. आन् गाडी मोठी आण, हंडा जड हाय."

तो गेल्यावर मी भिंतीवरून डोकं काढलं. "आक्का, काय बोलून बसलीस गं? हंडा गेला म्हंजे थोरलं घर गेलं!"

"सुबोकची आई," ती म्हणाली, "तुझं गवत कापायचं यंत्र चालू हाय का?"

*

आरोग्य केंद्रातली नर्स ब्यन मीजू दर पंधरवड्याला म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघायला येते. तीही आधी गल्लीतूनच बोलायची. आक्कानं तिचा हात धरून तिला आत ओढलं.

"पोरी, मला फवारणीचं औषध दे. सगळ्यांत जहाल."

"आजी, नुसत्या फवारणीनं काही होत नाही," नर्स म्हणाली. "गोचिडीला ओल लागते, सावली लागते आणि रक्त लागतं. ते तिन्ही काढून घ्या, ती राहणार नाही."

"ओल काढीन, सावली काढीन. रक्त कुठनं काढू? माझ्यात हायच किती आता?"

"तुमचं नाही हो! उंदीर, हरणं आणि हा," तिनं दाराशी पसरलेल्या पिवळ्या कुत्र्याकडं बोट केलं. नुरीनं शेपूट हलवली. त्याच्या कानात टपोऱ्या दोन चिकटलेल्या होत्याच. नर्सनं चिमट्यानं त्या त्वचेला लागून धरून सरळ वर ओढल्या, आणि आक्काला बजावलं, "नखांनी चिरडायच्या नाहीत. पारदर्शक चिकटपट्टीत चिकटवायच्या आणि टाकायच्या." नुरीच्या मानेवर औषधाचे थेंब पडले. कितीदा घालायचे ते नर्सनं सांगितलं, आणि त्यानंतर ते काम आक्का कधी विसरली नाही.

"आणि कळणार कसं, गेल्या का न्हाई ते?"

"पांढरं सुती कापड जमिनीवरून ओढत न्यायचं. असतील तर चिकटून वर येतात."

आक्का घरात गेली आणि पेटीतून पांढऱ्या कापडाची घडी घेऊन आली. आमच्याकडं बायका आपल्या मयताचं कापड आपणच घेऊन ठेवतात. ते तिनं स्वतः बाजारातून निवडून आणलेलं, धुऊन, कांजी करून, घडी घालून ठेवलेलं. मी तिच्याबरोबर होते तेव्हा.

"आक्का, हे तर..."

"व्हय, माझ्या मरणाचं हाय. पडूनच हाय न्हवं? मी काय अजून मरत न्हाई."

*

मग आक्का कामाला लागली. डोक्याला फडकं, लांब बाह्या, विजार मोज्यात खोचलेली, वरून रबरी बूट. त्या उकाड्यात तिच्याकडं बघूनच मला घाम फुटायचा. माझ्या यंत्रानं तिनं आधी सगळं गवत मुळापासून बोटभर राखून कापलं आणि कापलेलं तिथं पडू दिलं नाही, पंजानं ओढून गोण्यांत भरलं. दर संध्याकाळी न्हाणीत शिरण्याआधी अंगावरचे कपडे बाहेरच उतरवून उकळत्या पाण्यात टाकायची, आणि मग बगला, गुडघ्यामागं, कानामागं चाचपून बघायची. पाठ बघायला मला हाक मारायची. चौऱ्याहत्तर वर्षांची पाठ. मणके मोजता येतील अशी, पण खांद्यांत अजून दोरखंडासारख्या शिरा.

बांबूच्या बेटानं तिला जेरीस आणलं. वरून कापायला सोपं, पण मुळं एकमेकांत विणलेली. कुदळ मारावी तर ती उडून परत यायची. शेवटी तिनं बसून, खुरप्यानं मुळांभोवतीची माती मोकळी करत करत एकेक मूळ उपटलं. मधेच तिची कंबर धरायची. मग ती तिथंच आडवी व्हायची आणि पडल्या पडल्या बोलायची, "सुबोकची आई, तुझ्या भिंतीकडची काटेरी बघ केवढी वाढलीय."

"माझी हाय ती. तुला काय करायचंय?"

"गोचिडीला तुझं-माझं कळत न्हाई."

मी चिडले. पण दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूची झुडपं मीच तोडली. आमच्या घरातनं हसण्याचा आवाज आला. नवरा म्हणाला, "बरं झालं, मी सांगितलं असतं तर तुझं डोकं फिरलं असतं." तेही खरंच.

लाकडांची रास तिनं उन्हाच्या बाजूला दगडांवर उचलून रचली. खाली उंदरांची घरटी निघाली, गुलाबी पिल्लांसकट. पर्सिमनच्या खालच्या फांद्या छाटून ऊन जमिनीपर्यंत आणलं. खाली साठलेला पाला इतका होता की तळाशी तो काळी माती होऊन गेला होता. तो काढल्यावर दादानं लग्नाच्या वर्षी बसवलेल्या फरशा निघाल्या. आक्का फरशीवर तळवा ठेवून बराच वेळ बसली. मग गोठ्यामागं पडलेला डोंगराचा लाल मुरूम पाट्यांनी आणून तिनं भिंतीच्या कडेकडेनं दोन हात रुंद पट्टा टाकला. रानाकडून सरपटत येणाऱ्या गोचिडीला तो कोरडा, तापलेला पट्टा ओलांडवत नाही, असं नर्सनं सांगितलं होतं. पट्टा झाला तेव्हा अंगण काळी किनार सोडून लाल किनार नेसल्यासारखं दिसायला लागलं.

पावसाळा ओसरल्यावर तिनं पहिल्यांदा कापड ओढलं. एका बांबूला कापडाचं एक टोक बांधून, पाठमोरी चालत, सावकाश. अर्धं अंगण कोरं आलं. मागच्या कोपऱ्यात पोचली आणि कापडावर तीळ सांडल्यासारखे ठिपके. ते तीळ चालत होते.

आक्कानं एकेक ठिपका चिकटपट्टीवर घेतला आणि तो कोपरा न्याहाळला. भिंतीतला एक दगड खाली आलेला होता आणि दोन फरशांमध्ये हरणाच्या लेंड्या पडल्या होत्या.

"हरणं हितनं येत्यात. रात्री माझ्या अंगणात पाव्हणचार चाललाय, आन् मी झोपलेली."

आमच्या भिंती चिखलाशिवाय रचलेल्या असतात, दगडावर दगड. मधल्या फटींतून वारा जातो म्हणून भिंत वाऱ्यात टिकते. फटी बुजवल्या तर पहिल्याच वादळात आडवी होते. तो कोपरा आक्कानं उसकटला आणि नव्यानं, आधीपेक्षा हातभर उंच रचला. एक दगड निसटून तिच्या अनामिकेवर पडला. नख काळं पडून गळून गेलं. तिनं दोन दिवस हात पाण्यात घातला नाही, तिसऱ्या दिवशी भिंत पुरी केली.

आणि मग एका सकाळी ती मला म्हणाली, "चल, दादाकडं जाऊन येऊ."

यांगांची थडगी दोल्लोरुम टेकडीच्या उतारावर आहेत, सगळ्यांभोवती मिळून एक दगडी कुंपण. कापणीला अजून महिना होता, गवत कमरेला लागत होतं. दादाचा मातीचा उंचवटा बापाच्या उंचवट्याशेजारी. आक्कानं भाताच्या दारूचा पेला ओतला, नमस्कार केला. मग पाठीवरच्या बोचक्यातून कापड काढलं.

"इथं कशाला?" मी म्हटलं.

कुंपणाच्या आत तिनं ते एकदा ओढलं. सासऱ्याच्या उंचवट्यापासून दादाच्या उंचवट्यापर्यंत, बस्स. कापड उलटं केलं आणि मी दोन पावलं मागं सरले. पांढरं कमी होतं आणि काळं जास्त.

"तो दर वर्षी कापणी झाली की हितं आडवा व्हायचा," आक्का म्हणाली. "बापाच्या उशाशी. सगळेच व्हत्यात. कोट काढून गवतावर टाकत्यात, दारू घेत्यात, लोळत्यात. आन् तेच कोट घालून माझ्या अंगणात येत्यात."

दोन वर्षांत मी पहिल्यांदा तिला रडताना बघितलं. तोंडावर हात नाही, आवाज नाही, नुसतं पाणी हनुवटीवरून गळत होतं.

"जाऊन सांग की दुहोला," मी म्हटलं. मला राग आला होता.

"सांगून कुणी ऐकतंय व्हय? दाखवीन."

*

मग तिनं सगळ्या गावाला कामाला लावलं. आमच्याकडं शेतात घालायचे कपडे कच्च्या पर्सिमनच्या रसात रंगवतात. तुरट हिरवी फळं कुटायची, रस कापडात चोळायचा, उन्हात वाळवायचं, पाणी मारायचं, पुन्हा वाळवायचं. हळूहळू कापड विटकरी होतं आणि कडक. दव धरत नाही, घाम धरत नाही. आक्का दारोदार फिरली आणि जुने सदरे-विजारी गोळा करून आणल्या. लोक आता वाशांच्या आत येऊन बोलायला लागले होते. तिच्या उन्हातल्या फरशांवर कपडे वाळायला घातले की अंगण विटकरी होऊन जायचं. गल्लीतून जाणारी एक म्हातारी ओरडली, "मालसुन, लगीन-बिगीन करतीस का काय?"

"तुझ्या नवऱ्याशी करणार होते, पण त्यो आधीच तुझ्या हाताखाली मेलाय," आक्का ओरडली. म्हातारी हसत हसत काठीला टेकली.

मला ठाऊक होतं, एक जोड तिनं वेगळा रंगवला होता. दादाचा. मयतानंतर कपडे जाळतात, तो तिनं मागं ठेवला होता. तो मात्र तिनं अंगणात वाळत घातला नाही, घरातच ओसरीवर वाळवला.

प्रतिपदेला थोडेच दिवस राहिले आणि वादळ आलं. घर उडेल असं वाटलं. सकाळी मी भिंतीवरून बघितलं तर सगळ्या गावाचा पाला आक्काच्या अंगणात. मागच्या कोपऱ्यातली भिंत मात्र उभी होती. माझी आडवी झाली होती. मी फटींत सिमेंट भरलं होतं ना, शहाणी.

आक्का पायरीवर बसली होती. हात मांडीवर पडलेले, काळं नख गेलेलं बोट वाकडं. मला वाटलं, संपलं. मी फाटक उघडून तिच्याकडं गेले. तेवढ्यात वाशांपाशी कुणीतरी पाला ओढायचा पंजा आपटला. पोस्टमन होता. त्याच्या मागं ती काठीवाली म्हातारी, तिच्या मागं माझा नवरा, हातात गोण्या घेऊन. दुपारपर्यंत पाल्याचं एक पान उरलं नाही. आक्कानं मुरमाचा विस्कटलेला पट्टा स्वतःच्या हातानं सारखा केला. तो कुणाला करू दिला नाही.

*

प्रतिपदेला चूल पेटली. हंड्यात हाडं उकळत होती, शेवाळाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. मी आणि दोघी-तिघी धिरडी घालत होतो. आक्कानं सणाचे कपडे नाही घातले, आपले रंगवलेलेच घातले होते, कडक, विटकरी. टेकडीवर यंत्रांचा आवाज सकाळपासून चालू होता. तो थांबला तशी आक्का उठली. दारात गेली आणि एकेक करून तिन्ही वासे लावले.

"आक्का!" मी पिठाच्या हातानं धावले. "येडी झालीस काय? तिन्ही लावलेस!"

"लावले."

घरात माणूस असताना तिन्ही वासे लावणं म्हणजे आलेल्याच्या तोंडावर थुंकणं.

दुहोची गाडी सगळ्यांत पुढं आली, मागच्या बाजूला खरंच दोराची गुंडाळी. तिच्यामागून यांगांचं कूळ, घामेजलेलं, खांद्यावर यंत्रं, अंगावर गवताची कुसळं. आक्काचा मुलगा सांगउ त्यांच्यातच होता, बुसानहून आलेला. वासे बघून सगळे थबकले. दुहोचा चेहरा लाल झाला.

"वहिनी, ही काय तऱ्हा? बोलवून वासे लावतीस? आम्ही काय भिकारी हाय?"

"आधी अंगण बघ," आक्का म्हणाली.

तिनं कापडाची घडी उलगडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते ओढलं. भिंतीकडेनं, लाकडांपाशी, पर्सिमनखाली, मागच्या कोपऱ्यात. घाई नाही. मग वाशांपाशी येऊन तिनं कापड उभं धरलं. पांढरं. थोडी धूळ, एक वाळकं पान. बाकी पांढरं.

"वा, आई," सांगउ हळूच म्हणाला.

"आता तुमचं बघू." आक्कानं तेच कापड वाशांखालून गल्लीत पसरलं. "भावजी, तुझा कोट झटक ह्यावर."

"काय खुळ्यासारखं..."

"झटक."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की दुहोनं कोट काढला. दर वर्षीसारखा तो थडग्याजवळच्या गवतावर पडलेला होता, पाठीला हिरवे डाग होते. त्यानं तो एकदा झटकला. कुसळं पडली. आणि कुसळांतून ते तीळ निघाले, एक, मग पुष्कळ, आणि चालायला लागले. मागच्या एका पोरानं आपली विजार बघितली आणि ओरडला. मग सगळेच आपापले पाय बघायला लागले.

दुहो वाकून त्या कापडाकडं बघत राहिला.

"दादा त्या दिशी तिथंच झोपला हुता," तो म्हणाला. "उठत हुता, मीच म्हनालो, पड थोडा, उन्हं उतरू दे."

मी आक्काकडं बघितलं. दोन वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. आता ती त्याला सोडणार नाही, असं मला वाटलं. सोडू नये, असंही वाटलं.

"त्यो आपल्या बापाच्या उशाशी झोपला," आक्का म्हणाली. "त्यात कुणाचा दोष न्हाई. तुझा न्हाई. पण माझ्या अंगणाचा बी न्हाई."

दुहोनं मान खाली घातली. मग ती आणखी खाली गेली, म्हातारी माणसं थडग्यापुढं घालतात तेवढी.

आक्का ओसरीवरून रंगवलेल्या कपड्यांचे गठ्ठे घेऊन आली आणि वाशांवरून एकेक पुढं करायला लागली. "अंगावरचं गोणीत टाका. माझ्या मागच्या न्हाणीत गरम पाणी हाय, गल्लीकडनं दार उघडं ठेवलंय. एकमेकांचे गुडघे बघा, कान बघा. लाजू नका, मी सगळ्यांची ढुंगणं पाळण्यात बघितल्यात." पहिल्यांदा कुणीतरी हसलं, मग सगळेच. सोलची सुटाबुटातली पोरं विटकरी विजारी धरून न्हाणीकडं पळाली. दुहोच्या हातात तिनं शेवटचा जोड दिला. त्यानं सदरा उलगडला, कॉलरवरचं ठिगळ बघितलं आणि ओळखलं. त्यानं तो छातीशी धरला.

सगळे परत आले तेव्हा आक्कानं वासे काढले. वरचा, मधला, खालचा. कुणी पाऊल टाकेना. दुहोच्या मागं कूळ उभं होतं, विटकरी कपड्यांत, ओले केस. तो आत आला. फरशांवरून चालत हंड्याजवळच्या चटईपाशी गेला, जिथं गीबेकदादा बसायचा, आणि मांडी घालून बसला. दादाचा सदरा त्याला खांद्यांत जरा तंग होत होता.

"वाढ वहिनी," तो म्हणाला. "लई भूक लागलीय."

मग अंगण भरलं. इतकं भरलं की मुरमाच्या पट्ट्यावर पोरं बसली आणि आक्का त्यांच्यावर खेकसली. हंड्याचा तळ लागला. दोर गाडीतच राहिला. जेवण झाल्यावर दुहोनं स्वतः हंडा घासला, आणि कसा घासावा यावरून आक्कानं त्याला भरपूर सुनावलं.

दुसऱ्या दिवशी मी माझी पडलेली भिंत रचायला घेतली, सिमेंटाशिवाय. पलीकडं दोरीवर ते कापड वाळत होतं, उकळून, नीळ घालून, लखलखीत. आक्का त्याच्या सुरकुत्या ओढत होती.

"पेटीत ठेवणार का?" मी विचारलं.

"कशाला? पुढच्या प्रतिपदेला लागंल की." ती कापडाचं टोक सारखं करत म्हणाली. "त्याच्या पुढच्याला बी लागंल. माझं मरण आता कामाचं झालंय, सुबोकची आई. मरायला सवड मिळाली तर बघू."